किल्ल्या सासूकडे, वाटणी भावांत

जुन्या नाशकातला वाडा एका माणसाचा नसे, कुळाचा असे. चौक, ओसरी, माजघर, देवघर आणि धान्याचे बळद एवढ्या जागेत तीन पिढ्या आणि चार-चार भावांचे संसार एका चुलीवर चालत. जमीन, वतन, भिक्षुकी, सावकारी यांचे उत्पन्न एकत्र जमा होई आणि कर्त्या पुरुषाच्या हातून खर्च होई. हिंदू वारशाच्या मिताक्षरा परंपरेप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मापासूनच असे. मुलीच्या वाट्याला लग्नाचा खर्च आणि स्त्रीधन येई. जुन्या चीनमधली कुळेही फारशी वेगळी नव्हती. तिथेही भावांत सारखी वाटणी होई, मुलींना आंदण मिळे, आणि बाईने आधी वडिलांच्या, मग नवऱ्याच्या, शेवटी मुलाच्या आज्ञेत राहावे अशी शिकवण असे. मनुस्मृतीतला क्रम हाच आहे. चिनी सून माहेरचे आडनाव मात्र राखून असे. इथे अनेक घरांत लग्नात पहिले नावही बदले. यमुना कुर्लेकरची रमाबाई रानडे झाली ती तशीच.

म्हणून बाईला सत्ताच नव्हती असे म्हणणे उथळ ठरेल. कोठीच्या किल्ल्या थोरल्या सासूच्या कमरेला असत. सुनांच्या कामाच्या पाळ्या, सणवार, देणेघेणे, कोणाला माहेरी कधी पाठवायचे, हे सारे ती ठरवी. मात्र ही सत्ता वयाबरोबर आणि मुलग्यांमुळे येई. गोपिकाबाई पेशव्यांचे आयुष्य पाहावे. मुलगा माधवराव याच्याशी बिनसल्यावर त्या नाशिकजवळ गंगापूरला येऊन राहिल्या. पुढे नातू सवाई माधवरावाने कसे वागावे याच्या सूचना त्यांनी लिहून पाठवल्या. १७८९ मध्ये त्यांचे निधन झाले. पेशव्याची आई आणि आजी म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते. मूल नसलेल्या विधवेला त्याच व्यवस्थेत माजघराच्या कोपऱ्यापलीकडे फारसे काही उरत नसे.

सुनेवर करडी नजर बहुधा घरातल्या बायकांचीच असे. रमाबाईंच्या शिक्षणाला पुण्याच्या घरात सर्वाधिक विरोध बायकांनीच केला. १८७८ मध्ये पती न्यायमूर्ती रानड्यांची बदली नाशिकला झाली तेव्हा स्वतंत्र संसार मांडता आला आणि शिकण्याला मोकळीक मिळाली. रमाबाईंच्या आठवणींचे पुस्तक १९१० मध्ये निघाले. एकत्र कुटुंबाच्या आतल्या बाजूची इतकी स्पष्ट नोंद दुसरीकडे क्वचितच सापडते.

भगूरच्या सावरकर भावांची गोष्ट निराळी. १८९९ मध्ये वडील प्लेगने गेले, आई आधीच गेली होती. नाशकात आलेल्या या घराचा भार थोरली सून यशोदाबाई, म्हणजे येसूवहिनी, यांच्यावर पडला. धाकटे दीर त्यांनी सांभाळले, शिवाय आत्मनिष्ठ युवती संघ काढून शहरातल्या बायकांत स्वदेशीचा प्रचार केला. १९०९ मध्ये पती बाबाराव यांना जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली. १९१९ मध्ये, पतीची भेट न होताच, त्या वारल्या. कुटुंबासाठी झिजणे ही रीत त्यांनी मोडली नाही, पण तिच्यातूनच सार्वजनिक कामाची वाट काढली.

शेतकरी घरांत बाई कधी उंबऱ्याआड नव्हतीच. निफाड-चांदवडकडे कांद्याची लागण, निंदणी, काढणी तिच्याच हातची, आणि पाट लावण्याची चाल असल्याने विधवेला दुसरा संसारही मांडता येई. सातबारा मात्र पुरुषाच्याच नावे राहिला. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला बायका फार मोठ्या संख्येने आल्या. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम हाती घेतली. जमिनीचा तुकडा शेतकऱ्याने स्वतःहून बायकोच्या नावे करून द्यायचा, असे तिचे स्वरूप होते.

कायदा मागून आला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्शात वारसा दिला, पण सहदायाद, म्हणजे एकत्र मिळकतीतला भागीदार, म्हणून जन्मसिद्ध हक्क मुलाकडेच ठेवला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून, तो मुलींनाही दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद काढला आणि २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरी वडील गेल्यावर भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून देणाऱ्या बहिणी जिल्ह्यात आजही आहेत. त्यात मायेचा भाग असतो, तसा हिस्सा मागितला तर माहेर तुटेल हा हिशेबही असतो.