न गंजणाऱ्या पात्याची गोष्ट

श्रोतेहो, आमच्या आजोबांच्या बंडीच्या खिशात कायम एक घडीचा चाकू असायचा. शिंगाची मूठ आणि बोटभर लांबीचं पोलादी पातं. पेन्सिलीला टोक काढण्यापासून कलमं बांधण्यापर्यंत सगळी कामं त्याच्यावरच. एका उन्हाळ्यात मी तो मागून घेतला, कैऱ्या चिरल्या, तिखटमीठ लावून खाल्ल्या आणि चाकू तसाच मिटून कोनाड्यात ठेवला. चार दिवसांनी आजोबांनी तो उघडला, तर पातं काळं पडलेलं आणि सांध्यापाशी तांबूस गंज. ते रागावले नाहीत. "अरे, कैरी चिरली की पातं पुसायचं आणि तेलाचं बोट फिरवायचं," एवढंच म्हणाले. राखेने घासल्यावर पातं उजळलं, पण गंजाने पडलेले बारीक खड्डे राहिले ते राहिलेच.

कैरीतलं आम्ल लोखंडाला खातं. तिच्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळा रंग तयार करतं. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस वापरून शाई करत, तीच ही क्रिया. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि गंजाचं काम सोपं करतं.

चाकूसुऱ्यांसाठी जगभर नावाजलेल्या इंग्लंडमधल्या शेफिल्ड गावालाही हेच दुखणं होतं. व्हिनेगर आणि फळांच्या रसाने सुऱ्या डागाळत आणि वरचेवर घासाव्या लागत. यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न जुने आहेत. 1820 च्या सुमारास मायकेल फॅरडे यांनी जेम्स स्टोडार्ट या कारागिराबरोबर पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले. आपल्या हिंदुस्थानातलं वूट्झ पोलादही त्यांनी अभ्यासलं. 1821 मध्ये फ्रान्सच्या पिएर बेर्तिए यांना आढळलं, की क्रोमियम मिसळलेलं लोखंड आम्लाला दाद देत नाही. याच्या सुऱ्या कराव्यात, असंही त्यांनी सुचवलं. पण त्यांच्या मिश्रणात कार्बन फार राहिला. धातू ठिसूळ झाला आणि कल्पना कागदावरच राहिली.

ती पात्यावर उतरायला 90 वर्षं लागली. हॅरी ब्रिअर्ली हा शेफिल्डच्या भट्टीवर राबणाऱ्या कामगाराचा मुलगा. 12 व्या वर्षी तो पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागला आणि शिकत शिकत पुढे एका संशोधन प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. 1912 मध्ये त्याच्याकडे काम आलं ते बंदुकीच्या नळ्यांचं. त्या आतून झिजत होत्या. 13 ऑगस्ट 1913 रोजी त्याने 12.8 टक्के क्रोमियम आणि 0.24 टक्के कार्बन असलेलं पोलाद ओतलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी नमुन्यावर नायट्रिक आम्लाचा द्राव लावायचा, ही तेव्हाची रीत. पण या नमुन्यावर आम्लाचा नेहमीसारखा परिणाम होईना. ब्रिअर्लीने त्यावर व्हिनेगर आणि लिंबाचा रस घालून पाहिला. तरीही तेच. त्याच्या मनात बंदुकीऐवजी सुरी आली.

कारागिरांना मात्र हे पोलाद आवडलं नाही. घडवायला कठीण, पाणी द्यायला त्याहून कठीण. 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा संशोधक' अशी त्याची टिंगल झाली. शेवटी 1914 मध्ये अर्नेस्ट स्टुअर्ट या जाणकाराने योग्य तापमान शोधून सुऱ्या घडवल्या. ब्रिअर्ली म्हणत होता 'रस्टलेस', म्हणजे न गंजणारं. स्टुअर्टने नाव दिलं 'स्टेनलेस', म्हणजे डाग न पडणारं. तेच टिकलं. हक्कांवरून कारखान्याशी वाद झाला आणि ब्रिअर्लीने ती नोकरी सोडली.

श्रोतेहो, या पोलादाचं रहस्य त्याच्या कातडीत आहे. क्रोमियमचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन पात्यावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर बसतो. ओरखडा पडला, तर हवा लागताच तो पुन्हा तयार होतो. पण क्लोरिनचे क्षार, म्हणजे साधं मीठसुद्धा, या थराला भोकं पाडू शकतात.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी ठेच लागायची ती लागलीच. एका पावसाळ्यात पाण्याची टाकी धुताना मी माझ्या स्टेनलेसच्या चाकूने ब्लीचिंग पावडरची पिशवी फाडली आणि ओला चाकू मिटून खिशात टाकला. आठवड्याने उघडला, तर पात्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. 'डाग न पडणारं' या नावावर मी विसंबलो होतो.

तेव्हापासून काही आंबट, खारट किंवा औषधी कापलं, की चाकू साबणाच्या पाण्याने लगेच धुतो आणि उघडा ठेवून सांध्यासकट वाळवतो. मगच मिटतो. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब, आणि पात्याने फळं चिरायची म्हणून त्यावर खाण्याच्या तेलाचा हलका हात.

आजोबांचा चाकू अजून माझ्या खणात आहे. लहानपणी मी पाडलेले खड्डे त्यावर तसेच आहेत. त्याच्याशेजारी आता माझा स्टेनलेसचा चाकू असतो, त्याच्यावरही तसेच खड्डे. दोघांना तेलाचं बोट मी एकाच दिवशी लावतो.