शब्दवेध : भांडवल

‘भांडवल’च्या मुळाशी संस्कृत ‘भाण्ड’ आहे: भांडे, अवजार, व्यापाऱ्याचा माल. शब्द वस्तू दाखवतो. मार्क्सने मात्र १८६७ च्या ‘कॅपिटल’मध्ये भांडवल हा वस्तूंआडचा माणसामाणसांतला संबंध ठरवला. मालवणच्या किनाऱ्यावर हे पडताळता येते. रापणीचे जाळे होडीतून अर्धगोल टाकतात, दोन्ही टोकांचे दोर वाळूवरून ओढतात आणि मासळीचे वाटे पडतात. जाळे स्वस्त नसतेच, पण ओढणारा बहुधा त्याचा भागीदार असतो. मासळीच्या थव्याला वेढून तळाशी आवळले जाणारे जाळे टाकणाऱ्या यांत्रिक पर्ससीन नौकेवर मात्र जाळे मालकाचे, श्रम खलाशांचे. मालकाने समुद्रात जायलाच हवे असे नाही.

कुणी म्हणेल, दोष यंत्राचा नाही, आणि रापणीतही जाळ्याचा वाटा वेगळा निघतोच. दोन्ही खरे. पण नौकेत गुंतलेला पैसा नफ्यासह परत यायचा तर मासळी उपसतच राहावी लागते, आणि निर्यातीच्या म्हाकूल-कोळंबीचा भाव दूरच्या बाजारांवर ठरतो. या उपशाला आवर घालण्यासाठी राज्याचा कायदा आहे: १९८१ च्या या सागरी मासेमारी कायद्यातले दंड २०२१ मध्ये वाढवले गेले. आता त्या कायद्याची अंमलबजावणी कठोरपणे व्हायलाच हवी.