कार्टर सेंटर

कार्टर सेंटर : रोगनिर्मूलन, मानसिक आरोग्य, निवडणूक निरीक्षण आणि संघर्षातली मध्यस्थी ही कामे करणारी अमेरिकेतील बिगरसरकारी, ना-नफा संस्था. स्थापना १९८२. मुख्यालय जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात. अमेरिकेचे ३९ वे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर (१९२४–२०२४) आणि त्यांच्या पत्नी रोझॅलिन कार्टर (१९२७–२०२३) यांनी एमरी विद्यापीठाच्या साहाय्याने ती उभी केली.

१९८० च्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांनी ५० पैकी ४४ राज्ये जिंकली आणि कार्टर ५६ व्या वर्षीच माजी राष्ट्राध्यक्ष झाले. अमेरिकेत माजी राष्ट्राध्यक्षाने आत्मचरित्र लिहावे, आपल्या नावाचे ग्रंथालय उभारावे आणि व्याख्यानांची बिदागी घ्यावी असा शिरस्ता आहे. ग्रंथालय कार्टरांनीही उभारले. ते संस्थेच्या शेजारीच आहे, पण त्याचा कारभार सरकारी अभिलेखागाराकडे असतो. संस्थेची वास्तू १ ऑक्टोबर १९८६ रोजी, म्हणजे कार्टरांच्या वाढदिवशी खुली झाली आणि त्या समारंभाला खुद्द रेगन हजर होते. इजिप्त आणि इस्रायल यांच्यात १९७८ साली कॅम्प डेव्हिडला घडवून आणलेल्या समेटासारख्या वाटाघाटींसाठी एक कायमची जागा असावी, एवढीच मूळ कल्पना होती. आज संस्थेची ओळख आहे ती मात्र एका किड्यामुळे.

हा किडा म्हणजे नारू. मराठवाडा किंवा पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातल्या जुन्या माणसांना तो वेगळा सांगावा लागत नाही. साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जलजीव असतात, त्यांच्या पोटात नारूच्या अळ्या असतात. असे पाणी प्यायले की अळ्या माणसाच्या शरीरात शिरतात. पुढे वर्षभर काहीच कळत नाही. मग बहुधा पायावर एक फोड येतो, तो फुटतो आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखी मादी डोके काढते. तिची लांबी हातभर, कधी जवळजवळ एक मीटर. आग इतकी होते की माणूस पाय पाण्यात बुडवतो. त्या क्षणी मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते आणि चक्र पुन्हा सुरू होते. किडा खेचून काढता येत नाही, कारण तो तुटला तर जखम चिघळते. काडीवर किंवा पट्टीवर गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर घ्यावा लागतो. यात आठवडे जातात, आणि हे आठवडे नेमके पेरणीचे किंवा कापणीचे असले तर त्या घराचे वर्ष बुडते.

या रोगावर लस नाही आणि औषधही नाही. एकदा होऊन गेला म्हणून तो पुन्हा होणार नाही असेही नाही. तरीही तो संपवता येतो, कारण त्याचे सगळे चक्र पिण्याच्या पाण्यावर उभे आहे. पाणी वस्त्रगाळ करून प्यायचे, किडा बाहेर पडत असलेल्या माणसाला तळ्यात उतरू द्यायचे नाही आणि गावाच्या पाण्यात टेमेफॉस हे अळीनाशक मोजून टाकायचे, इतकीच ही मोहीम. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातले डॉ. डोनाल्ड हॉपकिन्स यांनी १९८० पासून हा विषय लावून धरला होता; १९८६ मध्ये कार्टर सेंटरने मोहिमेचे नेतृत्व पत्करले आणि पुढल्याच वर्षी हॉपकिन्स संस्थेत दाखल झाले. त्याच सुमारास संस्थेचे कार्यकारी संचालक झालेले डॉ. विल्यम फोगी हे १९७० च्या दशकात भारतातल्या देवी निर्मूलन मोहिमेत राबलेले. रोग शोधत घरोघर फिरायचे, सापडलेला प्रत्येक रुग्ण नोंदवायचा आणि त्याच्याभोवती कडे करायचे, ही देवीच्या मोहिमेतली शिस्त इथेही उपयोगी पडली.

१९८६ मध्ये आफ्रिका आणि आशियातल्या २१ देशांत मिळून वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत होता. २०२२ मध्ये जगभरात १३ रुग्ण सापडले आणि २०२३ मध्ये १४.

कार्टर १९८८ मध्ये घानातल्या एका नारूग्रस्त गावात गेले होते. छातीशी तान्हे मूल धरून उभी असलेली एक बाई त्यांना दिसली, म्हणून ते जवळ गेले. तिच्या हातात मूल नव्हते. सुजून मोठे झालेले स्वतःचे स्तन तिने धरले होते आणि स्तनाग्रातून नारू बाहेर येत होता. ही हकिकत ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले, आणि देणगीदारांच्या बैठकीत ती सांगण्याचा परिणाम काय होतो हेही त्यांना ठाऊक होते. राजकारण्याची ही कला त्यांनी कधी टाकली नाही. गाळणीसाठी नायलॉनचे कापड आणि पाण्यात टाकायचे टेमेफॉस कंपन्यांकडून फुकट मिळवणे, आरोग्यमंत्र्याला भेटून त्याच्याच देशाचे आकडे त्याच्यापुढे ठेवणे, शेजारच्या देशाने किती मजल मारली हे त्याला ऐकवणे, हे सगळे त्यात आले. नायजेरियाचे याकुबू गोवॉन आणि मालीचे अमादू तुमानी तुरे या माजी राष्ट्रप्रमुखांनाही त्यांनी या कामाला लावले.

सगळ्यात नवलाची गोष्ट सुदानमधली. तिथे यादवी चालू होती आणि लढाईच्या मुलखात आरोग्यसेवक पोचत नव्हते. मार्च १९९५ मध्ये कार्टरांनी दोन्ही बाजूंना नारूच्या कामासाठी शस्त्रे खाली ठेवायला राजी केले. दोन महिन्यांचा ठरलेला युद्धविराम जवळजवळ सहा महिने टिकला आणि तेवढ्यात गाळण्या, लसी, औषधे आत गेली. पुढे सुदानी गुराख्यांसाठी गळ्यात अडकवायची, टोकाला जाळी लावलेली नळी निघाली. वाटेत जिथे पाणी दिसेल तिथे ओणवे होऊन तिच्यातून प्यायचे.

भारतातल्या नारूच्या श्रेयाची वाटणी करताना मात्र जपून बोलावे लागते. इथली राष्ट्रीय मोहीम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, कार्टर सेंटर या कामात उतरण्याआधीच, भारत सरकारने सुरू केली होती आणि महाराष्ट्रासह सात राज्ये तिच्यात होती. पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवत घागर भरायची विहीर हे रोगाचे मुख्य घर. तिच्याऐवजी हातपंप बसले, कठडा बांधून वरून पोहऱ्याने पाणी शेंदायची सोय झाली आणि नारू मागे हटला. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त ठरवले. शेजारच्या पाकिस्तानात मात्र कार्टर सेंटरने सुरुवातीपासून हात दिला होता, आणि तिथला रोग भारताच्या तीन वर्षे आधी, १९९३ मध्येच संपला.

संस्थेच्या आरंभीच्या पैशांची एक बाजू गौरवग्रंथांत सहसा येत नाही. पहिल्या मोठ्या देणगीदारांत बीसीसीआय या बँकेचे संस्थापक आगा हसन अबेदी होते. ही बँक जुलै १९९१ मध्ये प्रचंड घोटाळ्यांमुळे अनेक देशांत एकाच वेळी बंद करण्यात आली, आणि त्या पैशाबद्दलच्या प्रश्नांना कार्टरांना बरीच वर्षे तोंड द्यावे लागले.

नारूखेरीज इतर रोगांचे काम तुलनेने सरळ, कारण तिथे औषध आहे. काळ्या माशीच्या चाव्यातून होणाऱ्या आणि दृष्टी घालवणाऱ्या ऑन्कोसर्कायसिसवर मर्क कंपनीने १९८७ मध्ये आयव्हरमेक्टिन लागेल तितके फुकट द्यायचे जाहीर केले. संस्थेने ते लॅटिन अमेरिकेत आणि आफ्रिकेत गावोगाव पोचवले. २०१३ मध्ये कोलंबिया या रोगातून सुटलेला जगातला पहिला देश ठरला; पाठोपाठ एक्वादोर, मेक्सिको आणि ग्वाटेमाला. खुपऱ्यांसाठी इथिओपियात आणि हत्तीरोगासाठी नायजेरियात मोठे कार्यक्रम चालवले गेले.

मानसिक आरोग्याचा विभाग पूर्णपणे रोझॅलिन यांचा. जिमी जॉर्जियाच्या गव्हर्नरपदासाठी प्रचार करत असताना त्या एकदा भल्या पहाटे सूतगिरणीच्या फाटकाशी उभ्या होत्या. रात्रपाळी संपवून, अंगावर कापसाची तूस घेऊन एक कामगार बाई बाहेर आली. घरी जाऊन झोप मिळेल ना, असे रोझॅलिन यांनी विचारले. घरी मनोरुग्ण मुलगी होती. रात्री नवरा तिला सांभाळी आणि दिवसा ही. त्याच दिवशी त्याच गावात जिमींची सभा होती. रोझॅलिन इतरांबरोबर रांगेत उभ्या राहिल्या आणि हस्तांदोलनासाठी नवऱ्याने हात पुढे केला तेव्हा त्यांनी विचारले, निवडून आलात तर अशा माणसांसाठी काय करणार?

हा प्रश्न त्यांनी पुढे सोडला नाही. गव्हर्नरपत्नी म्हणून त्या राज्याच्या आयोगावर होत्या, १९७७ मध्ये राष्ट्रीय आयोगाच्या मानद अध्यक्ष झाल्या आणि १९७९ मध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीने अशी साक्ष देण्याचा एलिनॉर रूझवेल्ट यांच्यानंतरचा तो दुसराच प्रसंग. त्यातून १९८० चा मानसिक आरोग्य कायदा झाला आणि रेगन सत्तेवर येताच १९८१ च्या अर्थसंकल्पी कायद्याने त्याचा बहुतेक भाग गुंडाळला गेला. सरकारात जे हातचे गेले ते संस्थेच्या मार्गाने करायचे, हे रोझॅलिन यांनी तिथून ठरवलेले दिसते. १९८५ पासून धोरणविषयक वार्षिक परिसंवाद, १९९१ मध्ये स्वतंत्र विभाग, १९९६ पासून पत्रकारांसाठी पाठ्यवृत्ती. या पाठ्यवृत्तीमागचा विचार साधा आहे : वर्तमानपत्रात मनोरुग्ण दिसतो तो गुन्ह्याच्या बातमीत, तेव्हा ती बातमी लिहिणाऱ्यालाच वर्षभर वेळ आणि जाणकारांचे मार्गदर्शन द्यावे. न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, रुमानिया, कोलंबिया इथल्या पत्रकारांनाही ती मिळाली आहे. शारीरिक आजाराइतकेच विम्याचे संरक्षण मानसिक आजारालाही द्यावे, यासाठी त्या अनेक वर्षे झगडल्या. तसा संघराज्याचा कायदा २००८ मध्ये झाला.

लायबेरियातले काम यापेक्षा वेगळ्या जातीचे. चौदा वर्षांच्या यादवीतून बाहेर पडलेल्या या सुमारे ४० लाखांच्या देशात २०१० मध्ये मनोविकारतज्ज्ञ होता एकच. नवे तज्ज्ञ घडायला दशक लागले असते. म्हणून तिथल्याच परिचारिका आणि डॉक्टरांचे सहायक निवडून, त्यांना काही महिन्यांचे प्रशिक्षण देऊन जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवले गेले. असे शंभराहून अधिक सेवक तयार झाले. २०१४ मध्ये इबोलाची साथ आली तेव्हा माणसे गमावलेल्या घरांना आणि बरे होऊनही वाळीत पडलेल्यांना धीर देण्याचे काम याच लोकांवर पडले.

निवडणूक निरीक्षणाला पनामापासून सुरुवात झाली. मे १९८९ मध्ये हुकूमशहा मान्वेल नोरिएगाच्या उमेदवाराविरुद्ध मतदान झाले, आणि मोजणीच्या ठिकाणी बनावट निकालपत्रके येताना कार्टरांनी पाहिली. ते व्यासपीठावर चढले आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, तुम्ही प्रामाणिक आहात की चोर, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सर्वांसमक्ष विचारले. नोरिएगाने निवडणूक रद्द केली, पण निकाल चोरला गेला हे तोवर जगजाहीर झाले होते.

फेब्रुवारी १९९० मध्ये निकाराग्वाने नेमकी उलटी कसोटी पाहिली. सत्तेवरचे दानिएल ओर्तेगा व्हायोलेता चामोरो यांच्याकडून हरत आहेत हे मतदानाच्या रात्रीच नमुना मोजणीतून कळले. कार्टर त्यांना भेटायला गेले. आपणही राष्ट्राध्यक्ष असताना हरलो आहोत, त्याने जग बुडत नाही, अशा आशयाचे ते बोलले. सकाळी ओर्तेगांनी पराभव मान्य केला. संस्थेच्या साऱ्या निवडणूक कार्यात याहून मोलाचा प्रसंग काढणे अवघड, आणि तो घडला तो हरलेला माणूस समोर होता म्हणून.

त्यानंतर संस्थेने ४० च्या आसपास देशांत शंभराहून अधिक निवडणुका पाहिल्या. आमंत्रण असल्याखेरीज ती जात नाही. मतदानाच्या काही महिने आधी दीर्घकालीन निरीक्षक येऊन मतदारयादी, प्रचार, तक्रारींचा निपटारा पाहतात. बाकीचे अखेरच्या आठवड्यात. शिक्का मारायची पद्धतही ठरलेली आहे : २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात स्वीकारल्या गेलेल्या निरीक्षणाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या मसुद्यात या संस्थेचा मोठा वाटा होता. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण नेपाळचे. संविधान सभेच्या २००८ आणि २०१३ या दोन्ही निवडणुकांना कार्टर जातीने काठमांडूत होते.

नारूच्या मोहिमेत आकडा वादातीत असतो, निवडणुकीत तसे होत नाही. व्हेनेझुएलातल्या २००४ च्या सार्वमतात राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ पदावर टिकले, संस्थेने निकाल मान्य केला आणि विरोधकांनी तिच्यावर घाईचा आरोप केला. केनियात ऑगस्ट २०१७ मध्ये संस्थेच्या पथकाने मतदान व मोजणीबद्दल बरे मत दिले होते. निकाल पाठवण्याच्या टप्प्यावरच्या गोंधळाचे कारण देऊन १ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निवडणूकच रद्द केली. आठवडाभराच्या आत निवेदन काढण्याच्या प्रथेवर तेव्हा जी टीका झाली ती रास्त होती. व्हेनेझुएलात जुलै २०२४ मध्ये मात्र संस्थेने आडपडदा ठेवला नाही : ही निवडणूक लोकशाही मानता येत नाही, असे तिने दोन दिवसांतच जाहीर केले. २०२० मध्ये जॉर्जियाने सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने पुन्हा मोजल्या, तेव्हा संस्थेचे निरीक्षक प्रथमच आपल्या घरच्या राज्यात मोजणीच्या टेबलांमागे उभे राहिले.

कार्टरांना २००२ चा शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाला त्यात या संस्थेच्या कामाचा मोठा वाटा होता. त्यांच्या नावाशी जोडली जाणारी घरबांधणी मात्र हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या वेगळ्या संस्थेची; २००६ मध्ये लोणावळ्याजवळ ते विटा रचायला आले होते ते तिच्यासाठी. महाराष्ट्राशी घराण्याचा संबंध त्याहून जुना आहे. त्यांच्या आई लिलियन कार्टर साठी उलटून गेल्यावर पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या सेवायोजनेच्या स्वयंसेविका म्हणून मुंबईत आल्या आणि १९६६ ते १९६८ या काळात त्यांनी विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत परिचारिकेचे काम केले.

शेवटचा नारू आपल्याआधी मरावा, अशी इच्छा कार्टरांनी २०१५ मध्ये कर्करोगाचे निदान जाहीर करताना बोलून दाखवली होती. त्यानंतर ते नऊ वर्षे जगले, पण ती पुरी झाली नाही. आडवी आली ती कुत्री. चाडमध्ये २०१२ पासून कुत्र्यांना नारू होताना आढळू लागला आणि २०१९ मध्ये तिथे एकोणीसशेहून अधिक कुत्री बाधित होती. शारी नदीकाठच्या मासेमारीत फेकलेली माशांची आतडी खाऊन ती होत असावीत असा संशय आहे. म्हणून गावकऱ्यांना आतडी पुरायला सांगितले जाते, बाधित कुत्रे किडा पडेपर्यंत दोरीने बांधून ठेवायचे असते आणि लक्षण दिसताच कळवणाऱ्याला रोख इनाम मिळते. निर्मूलनाची मुदत आता २०३० पर्यंत पुढे गेली आहे.