अभ्यासक्रमाबाहेरची सनावळी

इतिहासाच्या पेपरात पुस्तकाबाहेरचा प्रश्न आला की आपल्याकडे गहजब होतो. पालक शाळेत जातात, शाळा बोर्डाकडे बोट दाखवते आणि शेवटी "त्या प्रश्नाचे गुण सगळ्यांनाच द्या" अशी मागणी होते. मला विचाराल तर ओरडणाऱ्यांचं निम्मं म्हणणं बरोबर असतं. आटपाडीच्या पोराकडे बालभारतीचं पुस्तक असतं, फार तर एखादं गाईड. पुण्याच्या क्लासातल्या पोराला वर नोट्स मिळतात. तिथे बाहेरून आदिलशहांची ओळीने नावं विचारली, तर ती परीक्षा इतिहासाची नव्हे, बापाच्या खिशाची होते. (नेटला 'अरब संस्कृती आणि इस्लामी अभ्यास' असा स्वतंत्र विषय आहे. तिथला परीक्षार्थी मोठा असतो, ग्रंथालय गाठू शकतो. त्याला खुशाल बाहेरचं विचारा.)

पण शाळेतल्या इस्लामी इतिहासाची एक वेगळीच पंचाईत आहे. पुस्तकच आटत चाललंय. २०१७ साली सातवीचं नवं पुस्तक आलं, त्यात मराठ्यांचा इतिहास वाढला आणि मुघलांचा भाग बराच कमी झाला. वर्तमानपत्रांत वादही झाला. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातून मुघल दरबाराचं प्रकरणच गेलं. मग पुस्तकाबरोबर प्रश्नांनीही आकसायचं का?

मला नाही वाटत तसं. आणि त्याचं कारण फार लांबचं नाही, आपल्याच भागातल्या जुन्या वतनाच्या कागदांत सापडेल असं आहे. आटपाडी आधी विजापूरच्या आदिलशाहीच्या मुलखात, पुढे मराठ्यांच्या राज्यात आणि नंतर १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत औंध संस्थानचा एक महाल. इथले जुने कागद मराठीत, लिपी मोडी. पण तारखेची जागा पाहा. तिथे असं काहीतरी असतं : 'सन खमस सबैन व अलफ'. खमस म्हणजे पाच, सबैन सत्तर, अलफ हजार. सगळे अरबी आकडे! बेरीज १०७५. त्यात ५९९ मिळवा, १६७४ येतं. राज्याभिषेकाचं वर्ष.

हा शुहूर सन. त्यालाच मृगसाल म्हणतात, कारण सूर्य मृग नक्षत्रात गेला की हे वर्ष पालटतं. आता गंमत बघा. हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं. दरवर्षी ते अकरा दिवस मागे सरकतं आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतं. अशा वर्षावर शेतसारा कसा बांधणार? एखाद्या साली हप्ता सुगीत येईल, काही वर्षांनी ऐन पेरणीत. म्हणून दख्खनच्या कारभारात अरबी आकड्यांना मृगाचा मुहूर्त जोडला गेला. उत्तरेत अकबराच्या काळात फसली सन आला तोही याच अडचणीतून. आमच्या माणदेशात मृगाची वाट कशी पाहतात ते ठाऊक असलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. तरी पेशवाईच्या अखेरपर्यंत दफ्तरात शुहूर सन चालूच राहिला. सवय म्हणा, सोय म्हणा. मला सोय जास्त पटते. कुलकर्ण्याला हिशेबाशी मतलब.

तर असा प्रश्न पेपरात का नसावा? कागदाचा एक तुकडा छापा. शेजारी अरबी आकड्यांचे अर्थ द्या, ५९९ मिळवायचे हेही सांगून टाका. मग विचारा की हे कोणतं वर्ष, आणि मराठी कागदावर अरबी आकडे कसे आले. पाठांतर शून्य. क्लासवाल्या पोराचा फायदाही शून्य. उलट घरात सातबारा आणि मृगाचा पेरा बघितलेल्या पोराला थोडं झुकतं माप! सातवीच्या पुस्तकातला पहिलाच धडा इतिहासाच्या साधनांचा आहे, तेव्हा हा प्रश्न बाहेरचा तरी कसा म्हणायचा?

अडचण आहे ती तपासणीची. नमुना उत्तराशी शब्द जुळला की गुण, ही पद्धत ठेवून असले प्रश्न काढले तर पोरांचं नुकसानच होईल. 'शेतीसाठी', 'साऱ्यासाठी', 'आधीच्या राजवटीची पद्धत होती म्हणून' ही तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. तपासणाऱ्याला तेवढी मोकळीक हवी, आणि मुळात शिक्षकाला ही सनावळी माहीत हवी. ते प्रशिक्षण आधी, प्रश्न नंतर. हा क्रम उलटा झाला तर मीही पालकांच्या बाजूने ओरडेन.

असो. नातेवाईक मंडळींपैकी ज्यांच्या माळ्यावर जुनी दफ्तरं आहेत त्यांनी जरा झटकून बघा. सरावाला एक तारीख देतो : 'इहिदे सितैन मया व अलफ', महिना पौष. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर. पौष जानेवारीत आला असेल तर ५९९ ऐवजी ६०० मिळवायचे. त्या पौषात पानिपतावर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.