लोड, ट्रॅप, टेस्ट : रुबीतल्या नावांची कुळकथा

चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरात, ‘आज लोड किती?’ हे हवापाण्याइतक्या सहज विचारलं जातं. या महाऔष्णिक केंद्रात 210 मेगावॅटचे दोन आणि 500 चे पाच संच आहेत, एकूण 2920 मेगावॅट. इथल्या कुणी रुबी भाषेत संचाचा क्लास लिहायला घेतला, तर मेथडची नावं आपसूक सुचतील: लोड, टेस्ट, वाफेच्या नळ्यांवरचा ट्रॅप. अडचण अशी, की ही तिन्ही नावं रुबीनं आधीच घेऊन ठेवली आहेत.

युकिहिरो मात्सुमोतो यांनी 1993 साली रुबीचं काम सुरू केलं. स्मॉलटॉक या भाषेकडून त्यांनी एक रीत घेतली: सगळ्या वस्तू ‘ऑब्जेक्ट’ या एकाच मूळपुरुषाच्या वंशातल्या. युनिक्सच्या शेलकडून आणि पर्लकडून दुसरी: नुसतं नाव लिहावं आणि काम व्हावं. दोन्हींची सांगड घालताना ही सुटी नावं ‘कर्नेल’ नावाच्या मॉड्यूलमध्ये ठेवली आणि ते मॉड्यूल ऑब्जेक्टमध्ये मिसळलं. त्यामुळे आपला संचसुद्धा जन्मतःच फाइल लोड करू शकतो. मग आपण लोड ही मेथड लिहायला विसरलो आणि क्लासच्या आत ती वापरली, तर ‘अशी मेथड नाही’ असं कुणी सांगत नाही. आर्ग्युमेंट कमी पडल्याची तक्रार येते आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

‘आयडी’चंही असंच होतं. डेटाबेसच्या टेबलाटेबलात त्या नावाचा रकाना, आणि रुबीच्या प्रत्येक वस्तूलाही पूर्वी त्याच नावाची मेथड. शेवटी भाषेनंच माघार घेतली, हे मला फार मोलाचं वाटतं. 1.8 मध्ये ‘ऑब्जेक्ट_आयडी’ वापरा अशी सूचना येऊ लागली आणि 1.9 मध्ये जुनं नाव गेलं.

जुन्या मेथडवर नवी चढवायची तर पूर्वी एलियसचा मार्ग होता. जुनीला ‘जुना_लोड’ हे दुसरं नाव द्यायचं, नव्या लोडमधून तिला हाक मारायची. ती फाइल चुकून दोनदा वाचली गेली की ‘जुना_लोड’ हे नाव नव्या मेथडलाच चिकटतं. मग ती स्वतःलाच हाक मारत राहते आणि ‘स्टॅक लेव्हल टू डीप’ म्हणून प्रोग्रॅम कोसळतो. 2013 साली रुबी 2.0 मध्ये ‘प्रीपेंड’ आलं. नवं मॉड्यूल क्लासच्या पुढे उभं राहतं, ‘सुपर’ म्हटलं की मूळ मेथड मिळते आणि दुसरं नाव लागतच नाही. रुबीतल्या रेल्स या वेब फ्रेमवर्कनंही 2016 मध्ये, पाचव्या आवृत्तीत, आपली ‘एलियस_मेथड_चेन’ मोडीत काढायला घेतली.

मेथडनं अशी स्वतःला हाक मारण्याची मुभा मुळात जुनी आहे. 1957 च्या फोर्ट्रानमध्ये ती नव्हती. अल्गोल 60 नं ती दिली, आणि त्यासाठी स्टॅक कसा वापरावा हे डायक्स्ट्रा यांनी 1960 मध्येच मांडलं.

रुबीला देवनागरी नावंही चालतात. क्लासचं नाव तेवढं जमत नाही, कारण ते कॅपिटल अक्षरानं सुरू व्हावं लागतं. मेथडला ‘भार’ म्हटलं की कर्नेलशी भांडण मिटलं. पण ‘भार=’ या मेथडच्या आत ‘सेल्फ.भार = नवा’ लिहिलं, तर ती पुन्हा स्वतःलाच बोलावणार. ‘सेल्फ’ गाळलं तर नुसतं स्थानिक व्हेरिएबल तयार होतं आणि आकडा हरवतो. तिथे ‘@भार = नवा’ असंच लिहावं लागतं.