इतिहास ‘मायनर’ घेताय? पेपर निवडताना नेमकं काय बघायचं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार नवी रचना महाराष्ट्रातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली. तेव्हापासून कॉलेजच्या कट्ट्यावर ‘तुझा मेजर काय?’च्या पाठोपाठ ‘आणि मायनर?’ हा प्रश्न हमखास येतो. मायनर म्हणून इतिहास घेणारे बरेच आहेत. कुणाला गडकिल्ल्यांची आवड असते, कुणाच्या डोक्यात यूपीएससी किंवा एमपीएससी असते, तर कुणाला ‘सोपा विषय आहे, मार्क मिळतात’ असं सीनियरने सांगितलेलं असतं.

विषय ठरतो, पण त्या विषयातले कोणते पेपर घ्यायचे याचा विचार बहुतेक वेळा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी होतो. मग पेपरचं नाव वाचायचं आणि टिक करायची. ही घाई महागात पडू शकते, कारण मायनरमध्ये मिळणारी जागा वाटते त्यापेक्षा फारच कमी आहे.

मायनरमध्ये नेमकी किती जागा असते?

एक थिअरी क्रेडिट म्हणजे साधारण १५ तासांचं शिकवणं. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे ६० तास. यूजीसीने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० क्रेडिट आहेत आणि त्यातले २४ मायनरचे. राज्यातल्या विद्यापीठांच्या रचनेत मायनरचा वाटा साधारण १८ ते २० क्रेडिटच्या घरात येतो.

म्हणजे हातात उरतात चार क्रेडिटचे जेमतेम पाच पेपर. एवढ्यात सिंधू संस्कृतीपासून जागतिकीकरणापर्यंतचा इतिहास बसवायला गेलं तर सगळंच वरवरचं होतं. प्राचीन भारताचा एक, मध्ययुगाचा एक, मराठ्यांचा एक, आधुनिक भारताचा एक आणि जगाचा एक अशी वाटणी कागदावर छान दिसते. पण हा प्रवास बराचसा शाळेच्या पुस्तकातच झालेला असतो. त्यामुळे पाच पेपरमध्ये पाच कालखंड उरकण्याऐवजी एकमेकांना पूरक ठरतील असे पेपर घेणं जास्त फायद्याचं.

पण निवड खरंच आपल्या हातात असते का?

नेहमी नाही. विभागात दोनच प्राध्यापक असतील तर मायनरचे पेपर ठरलेलेच असतात आणि ‘बास्केट’मध्ये पर्याय नावापुरतेच उरतात. त्यामुळे विद्यापीठाच्या वेबसाइटवरची यादी पाहून खूश होण्याआधी या वर्षी आपल्या कॉलेजात यातलं प्रत्यक्षात काय शिकवलं जाणार आहे, हे विभागात जाऊन विचारायला हवं. पुरेसे विद्यार्थी न मिळाल्यास पेपर रद्द होतो का, मेजरच्या तासाशी त्याची वेळ आदळते का, हेही तिथेच कळतं.

नियमातली एक खोच बऱ्याच जणांना माहीत नसते. राज्याच्या आराखड्यात मायनर विषय मेजरच्याच विद्याशाखेतला चालतो किंवा वेगळ्या शाखेतलाही. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ‘ओई’ मात्र दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यावा लागतो. म्हणजे बीकॉम किंवा बीएस्सीच्या विद्यार्थ्याला इतिहास मायनरमध्येही घेता येतो आणि कॉलेज देत असेल तर ओईमध्येही. राज्यशास्त्र मेजर असलेल्या बीएच्या विद्यार्थ्याला ओईचा रस्ता बंद असतो, त्याला मायनरच वापरावा लागतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने ‘ओईला बघू’ म्हणत इतिहास मागे ठेवला, तर हा विषय हातातून जाऊ शकतो.

पेपरचं नाव बघावं की सिलॅबस?

अर्थातच सिलॅबस. ‘मराठ्यांचा इतिहास’ या नावाखाली एका ठिकाणी १६३० ते १७०७ पर्यंतच्या लढाया आणि तह असतात. दुसरीकडे त्याच नावाखाली महसूल, वतनदारी, गावगाडा आणि व्यापार शिकवला जातो. हे दोन वेगळेच पेपर आहेत. उलट नावं वेगळी आणि मजकूर अर्धाअधिक तोच, असंही होतं. एक पेपर ‘शिवकाल’, दुसरा ‘मराठ्यांचा राजकीय इतिहास’, आणि दोन्हींत पहिले दोन घटक सारखेच! मार्कांसाठी हे सोयीचं वाटेल, पण पाचातला एक पेपर यात वाया जातो.

सिलॅबसच्या पीडीएफमध्ये आधी घटकांची शीर्षकं वाचावीत आणि मग अंतर्गत मूल्यमापन कसं आहे ते पाहावं. फक्त चाचणी परीक्षा आहे, की प्रकल्प, स्थळभेट, ग्रंथपरीक्षण असं काही आहे? संदर्भग्रंथांची यादीही नजरेखालून घालावी. पेपर मराठीत लिहिता येत असला तरी जगाच्या इतिहासाची किंवा इतिहासलेखनाची बरीच पुस्तकं इंग्रजीतच आहेत, हे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कळून उपयोग नाही.

सगळ्यात दुर्लक्षित, पण सगळ्यात कामाचा पेपर

‘इतिहासाची साधने’, ‘इतिहासलेखनशास्त्र’, ‘इतिहास संशोधन पद्धती’ अशा नावांचे पेपर बघून विद्यार्थी पळ काढतात. नाव रुक्ष आहे, हे खरंच. पण मायनरमध्ये एकच पेपर आग्रहाने घ्यायचा असेल तर तो हा.

त्याचं कारण शिवजयंतीच्या तारखेत सापडतं. शिवाजी महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ म्हणजे १६२७ सालचा, असं अनेक वर्षं मानलं जात होतं. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद होती. त्यावरून पुढे अनेक दशकं वाद झडला आणि २००१ मध्ये राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

आता यात किती प्रश्न आहेत बघा. शकावली म्हणजे काय आणि ती बखरीपेक्षा वेगळी कशी? शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, तर इथे ७९ का मिळवावे लागतात? (फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना, तो येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं.) १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे आहे, आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तो दिवस १ मार्च येतो, मग ‘बरोबर’ तारीख कोणती? तिथीने जयंती आणि तारखेने जयंती हा वाद दरवर्षी सोशल मीडियावर पेटतो. पण भांडणाऱ्यांपैकी किती जणांना हे गणित मांडता येतं?

बखरींचंही तसंच. सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर काही वर्षांतच, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली. मल्हार रामराव चिटणीसांची बखर थेट एकोणिसाव्या शतकातली. एखादा प्रसंग दुसरीत रंगवून सांगितलेला असेल आणि पहिलीत त्याचा पत्ताच नसेल, तर काय समजायचं? इंग्रज वखारीची पत्रं, पोर्तुगीज कागद आणि फारसी तवारिखा काय म्हणतात? फॅमिली ग्रुपवर आलेला ‘हा इतिहास तुमच्यापासून लपवला गेला’ असा मेसेज तपासताना नेमके हेच प्रश्न विचारावे लागतात. चौथीत ‘शिवछत्रपती’ वाचलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजात नवं मिळणार ते इथेच.

मेजरला जोडून कसं निवडायचं?

साधनांचा एक पेपर आणि पाया पक्का करणारा एक पेपर धरला, तर उरलेले दोन-तीन पेपर मेजरकडे बघून ठरवणं शहाणपणाचं. बीकॉमचं उदाहरण घ्या. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत शेअर्सचं वेड पसरलं. समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांचे शेअर्स गगनाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळा डोलारा कोसळला. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्यातून सावरली नाही.

हीच गोष्ट गावाकडून बघितली तर वेगळी दिसते. कापसाचे भाव पडले, सारा वाढला, कर्जं फुगली आणि मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, जाळले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून शाळेत दोन ओळींत संपलेलं प्रकरण ते हेच. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. शेअर बाजार, कर्जबाजारीपणा आणि जागतिक बाजारभाव एकाच धाग्यात बघायला शिकवणारा आर्थिक इतिहासाचा पेपर कॉमर्सच्या विद्यार्थ्याला कुठल्याही लढाईपेक्षा जास्त देऊन जाईल.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी १८९६ ची मुंबईतली प्लेगची साथ, हाफकिन यांची लस आणि १८९७ चा साथरोग कायदा आहे. कोविडमध्ये वापरला गेला तो हाच कायदा. पुढे कायदा शिकायचा असेल तर १९१९ आणि १९३५ चे कायदे येणारा घटनात्मक इतिहासाचा पेपर बरा. पर्यटनात जायचं असेल तर कला आणि स्थापत्याचा पेपर घ्यावा. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांमुळे या विषयाला सध्या मागणीही आहे. आणि पत्रकारितेत जाणाऱ्यांनी १९४७ नंतरचा भारत शिकवणारा पेपर अजिबात सोडू नये. संयुक्त महाराष्ट्र, १९७२ चा दुष्काळ, १९८२ चा गिरणी संप हे माहीत नसेल तर आजची अर्धी बातमी कळत नाही.

स्पर्धा परीक्षेसाठी मायनर घेतला तर?

फायदा आहे, पण मर्यादित. यूपीएससीत इतिहास ऐच्छिक विषय घेतल्यास २५०-२५० गुणांचे दोन पेपर असतात. पहिल्यात प्राचीन आणि मध्ययुगीन भारत आणि नकाशावरचा प्रश्न, दुसऱ्यात आधुनिक भारत आणि जगाचा इतिहास. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली असून तिथेही ऐच्छिक विषय आला आहे. या दोन्हींसाठी तो विषय पदवीला असावाच लागतो असं नाही. म्हणून केवळ परीक्षेच्या सिलॅबसशी जुळतात म्हणून पाचही पेपर तसलेच घेण्यात अर्थ नाही, ते क्लासमध्ये पुन्हा होणारच आहेत. आधुनिक भारताचा एक पेपर मात्र दोन्हीकडे चालतो.

पुढे एमए इतिहास करायचं मनात असेल तर यूजीसीच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यात मायनर विषयातही पदव्युत्तर प्रवेशाची वाट ठेवलेली आहे. अशा विद्यार्थ्याने साधनांचा पेपर टाळणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं.

मायनरबाहेरही इतिहास आहे

पाच पेपर कमी वाटत असतील तर क्रेडिटच्या बाकीच्या कप्प्यांकडे बघायला हवं. कौशल्य अभ्यासक्रमात काही ठिकाणी मोडी लिपी मिळते. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे ढीग आहेत. गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० च्या दशकात निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तरी बहुतांश कागद छापलेले नाहीत. मोडी वाचता येणारे हात आजही कमी पडतात, जमिनीच्या जुन्या कागदांसाठीही त्यांची गरज लागते.

फील्ड प्रोजेक्टसाठी लांब जायची गरज नसते. गावच्या वेशीवरचे वीरगळ, जुन्या शाळेची दप्तरं, नाशिकजवळ राहत असाल तर पांडवलेण्यातले शिलालेख, कोल्हापुरात असाल तर तिथलं पुराभिलेखागार. गोव्यातल्या विद्यार्थ्यांना तर पणजीच्या पुराभिलेखात पोर्तुगीज काळातले कागद हाकेच्या अंतरावर आहेत, फक्त भाषा शिकण्याची तयारी हवी.

कॉलेजात हवा तो पेपर नसेल तर ‘स्वयम्’ पोर्टल आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करता येतात. पण आधी कोर्स करून मग क्रेडिट मागायला गेलात तर अडचण होते. तो कोर्स मायनरमध्ये धरला जाईल का, हे नोंदणीपूर्वी कॉलेजच्या परीक्षा विभागाकडून लेखी घ्यावं.

मायनर मध्येच बदलायचा झाला तर झालेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये राहतात. पण नव्या विषयाचे मागचे पेपर भरून काढावे लागतील का, हे कॉलेजनिहाय बदलतं आणि त्याची मुदतही ठरलेली असते. अनेक कॉलेजांत एफवायला तीन विषय घेऊन एसवायला मेजर आणि मायनर ठरतात. तिथे पहिल्या वर्षाचा निकाल आणि एसवायचा फॉर्म यांमध्ये फार दिवस मिळत नाहीत, त्यामुळे सिलॅबस वाचणं, विभागात चौकशी करणं ही कामं दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा सुरू होण्याआधीच उरकलेली बरी.