काट्याची दोन घराणी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तह, मोहिमा आणि सनदा उभ्या राहतात. मोटारीतील पेट्रोलच्या काट्यालाही इतिहास असतो, आणि तो ठाऊक नसला तर माणूस भर रस्त्यात अडकतो, हे मला बेळ्ळंदूरला राहावयास आल्यावर कळले.

आमच्या शेजारी एक निवृत्त कन्नड गृहस्थ राहतात. त्यांची सारी नोकरी विमानांच्या कारखान्यात गेली. येथल्या जुन्या रहिवाशांना ह्या धंद्याचे अप्रूप नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली, आणि महायुद्धाच्या दिवसांत कॅटालिना जातीची पाण्यावर उतरणारी विमाने दुरुस्तीसाठी ह्याच बेळ्ळंदूरच्या तलावात उतरत. आज तलावाकाठी उभे राहिल्यास हे खरे वाटत नाही. 2017 साली तर ह्या पाण्यालाच आग लागली होती.

तर ह्या गृहस्थांपाशी वडिलांच्या हातची एक एम. जी. बी. आहे, 1963 सालची. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून 1962 ते 1980 पर्यंत निघालेली ही दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार. टाकी मागे डिकीच्या खाली, काटा समोर. काही वर्षांपूर्वी काटा शून्यावर अडकून बसला, म्हणून एका गॅरेजात टाकीतील यंत्र बदलून घेण्यात आले. तेव्हापासून चमत्कार सुरू झाला. टाकी काठोकाठ भरून आणावी तो काटा पावाच्या खुणेवर. मोटार चालत जाईल तसतसा तो वर चढावयाचा. आणि टाकी निम्मी झाली की ‘पूर्ण’ दाखवून स्वस्थ राहावयाचा. घरात ह्याची थट्टा होई, ‘चालवाल तितके पेट्रोल वाढते’ म्हणून. परंतु गेल्या पावसाळ्यात एके रात्री वृद्ध मातोश्रींना घेऊन येताना मोटार बाह्य वळण रस्त्यावर बंद पडली. मागून लॉऱ्या, वर पाऊस, आणि काटा ‘पूर्ण’वर. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटार विकण्याची भाषा सुरू केली. गॅरेजवाल्याचे म्हणणे समोरचा काटाच बिघडला आहे, तो काढून नवा बसवावा.

मी काही यंत्रज्ञ नव्हे; केंद्र सरकारच्या कचेरीतला कारकून. परंतु शिल्लक उलटी दिसू लागली की आम्ही तिजोरी बदलत नाही, जुन्या नोंदी काढतो. त्याच सवयीने मी ह्या काट्याच्या नोंदी शोधू लागलो.

आरंभीच्या मोटारींना काटा नव्हताच. फोर्डची मॉडेल टी 1908 पासून 1927 पर्यंत निघाली. तिची टाकी पुढच्या बैठकीखाली. चालकाने उतरावे, गादी उचलावी आणि लाकडी पट्टी बुडवून ओल कोठवर चढली ते पाहावे. आपल्याकडे कणगीतले धान्य किंवा विहिरीचे पाणी काठी घालून पाहतात, तोच प्रकार. त्या मोटारीत पेट्रोल केवळ उताराने इंजिनाकडे येई. म्हणून टाकीत थोडे उरले असता उभ्या चढावर गाडी मागल्या अंगाने चढवावी लागे! पुढे आलेल्या मॉडेल ए ह्या गाडीत टाकी चालकाच्या समोर, काचेच्या खाली आली आणि तीतला तरंगता गोळा आपली खूण थेट डोळ्यांपुढे दाखवू लागला. जर्मनीची बीटल मात्र 1961 पर्यंत काट्यावाचूनच राहिली. इंजिन अडखळू लागले की पायाने एक तोटी फिरवावयाची आणि राखीव पेट्रोलावर पंप गाठावयाचा. एम. जी. च्या महायुद्धोत्तर टी. सी. मोटारीतही काटा नाही, पेट्रोल सरत आले म्हणजे पेटणारा एक दिवा तेवढा आहे. मला ह्या दिव्याविषयी आदर वाटतो. तो थोडे बोलतो, पण वेळेवर बोलतो.

टाकी मागे गेली तेव्हा बातमी तारेने आणणे भाग पडले, आणि येथून आपल्या कथेतील दोन घराणी सुरू होतात.

दोहोंतही टाकीत एक गोळा तरंगतो, त्याला कारागीर फ्लोट म्हणतात. त्याची दांडी वर-खाली होताना तारेच्या वेटोळ्यावरून एक जीभ सरकते आणि विजेला होणारा रोध कमीअधिक होतो. म्हणजे समोरचा काटा पेट्रोल मोजतच नाही. तो रोध मोजतो, आणि त्याचा अर्थ पेट्रोल असा आपण लावतो. जुन्या घराण्याच्या काट्यामागे दोन वेटोळी असतात. एक काट्याला शून्याकडे ओढते, दुसरे ‘पूर्ण’कडे. टाकी रिकामी असता रोध जवळजवळ नाहीसा होतो, टाकी भरली की तो सत्तर ओहमांच्या आसपास जातो. विजेचा दाब कमीजास्त झाला तरी दोन्ही ओढी सारख्याच बदलतात, म्हणून काटा फसत नाही. मात्र खड्डा आला की नाचतो. दुसऱ्या घराण्यात विजेच्या उष्णतेने एक दुधातूची पट्टी वाकते व काटा हलवते. हा काटा संथ, नाचणे ठाऊक नसलेला. परंतु त्याला सुमारे दहा व्होल्टांचा स्थिर दाब पुरवणारे वेगळे यंत्र लागते. आणि मौज अशी की ह्या घराण्याची भाषा अगदी उलट आहे: रिकाम्या टाकीत रोध अडीचशे ओहमांच्या घरात, भरलेल्या टाकीत वीसच्या आसपास.

एम. जी. बी. ने 1964 च्या सुमारास पहिले घराणे सोडून दुसरे धरले. आमच्या शेजाऱ्यांची मोटार 1963 ची! तिच्या जुन्या काट्याला कोणी नव्या घराण्याचे यंत्र जोडून दिले होते. भरलेली टाकी वीस ओहम सांगे, जुना काटा त्याचा अर्थ पाव असा लावी. टाकी ओसरली की रोध वाढे, आणि काटा तिला भरली म्हणून जाहीर करी. दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत होते.

विमानाच्या धंद्यातील माणसाला हे चटकन पटले. त्यांनीच मला ट्युनिंटर कंपनीच्या विमानाची हकीकत सांगितली. 6 ऑगस्ट 2005 रोजी ते बारीहून जेर्बाकडे निघाले असता सिसिलीजवळ समुद्रात उतरवावे लागले. 39 पैकी 16 माणसे गेली. विमान ए. टी. आर. 72 जातीचे, आणि आदल्या दिवशी त्यात बसवलेला इंधनमापक ए. टी. आर. 42 चा. दोन्ही दिसावयास जवळजवळ सारखे. टाक्या कोरड्या पडेपर्यंत वैमानिकांस इंधन आहे असेच दिसत राहिले. हे सांगून झाल्यावर गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत.

रविवारी आम्ही परीक्षा घेतली. टाकीपाशी तार सोडवली तो काटा ‘पूर्ण’वर गेला, तीच तार पत्र्याला टेकवली तो शून्यावर आला. नव्या घराण्यात हे नेमके उलटे घडते. म्हणजे काटा निर्दोष, आणि जुन्या कुळाचा. तो बदलला असता तर स्थिर दाबाच्या यंत्रावाचून नवा काटाही खोटेच बोलला असता.

सुदैव असे की वडिलांची सवय मुलात उतरली होती. काढलेले जुने यंत्र टाकून न देता डब्यात जपलेले होते. कानाशी हलवले तो पितळी फ्लोटात पेट्रोल डचमळले. गोळ्याला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले होते, आणि तो तरंगण्याचे सोडून तळाशी बसला होता. लग्नघटिका मोजणारे आपले घटिकापात्र भरले की बुडते, तसा. घटिकापात्राचे छिद्र मात्र हेतूने पाडलेले असते. फ्लोट गरम पाण्यात धरताच बुडबुड्यांनी छिद्राची जागा दाखवली. आतले पेट्रोल उघड्या अंगणात पुरते काढून, दोन दिवस वाळवून, मगच त्याला डाख दिला. पेट्रोलची वाफ उरलेल्या गोळ्याला तापलेले हत्यार लावणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. वेटोळ्यावरची काजळी पुसली, अर्थिंगच्या तारेचे टोक गंजले होते ते घासले. बॅटरी सोडवून व टाकी उपसून यंत्र जागेवर बसवले, आणि पाच-पाच लिटर ओतून प्रत्येक वेळी काटा कोठे येतो ते मी कागदावर लिहून घेतले. काटा अर्ध्याच्या खाली किंचित जास्त दाखवतो. तेवढा शेरा मी त्या कागदावर मारला आहे.

मोटार विकण्याची भाषा थांबली आहे. त्या गृहस्थांनी डिकीत एक सपाट लाकडी पट्टी ठेवली असून तिच्यावर लिटरांच्या खुणा केल्या आहेत. परवा मातोश्रींना घेऊन ते तलावाकडच्या रस्त्याने गेले, तेव्हा मीही माझ्या स्कूटरवरून मागे होतो. सिग्नलपाशी त्यांनी मला हाक मारून समोरचा काटा दाखवला. इंजिनाच्या थरथरीने तो पाऊण आणि पूर्ण ह्यांच्यामध्ये नाचत होता.